बर्णबाने मार्काला सोडलं नाही

बायबलमधल्या पौलासारख्या मोठ्या प्रचारकाशी भांडून त्याचा सोबती बर्णबा वेगळा झाला, मग त्याला प्रेषित, म्हणजे येशूचा संदेश घेऊन पाठवलेला, म्हणून एवढा मान का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो: त्या भांडणातही बर्णबा आयुष्यभर जे करत आला तेच करत होता.

त्याचं मूळ नाव योसेफ. कुप्र (सायप्रस) बेटावरचा लेवी, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या यहुदी कुळातला. शेत विकून आलेले पैसे त्याने प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. बर्णबा हे नाव प्रेषितांनी दिलेलं. मराठी शास्त्रात त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिलाय. मला ‘धीर देणारा’ हा अर्थ जास्त जवळचा वाटतो.

शौल, म्हणजे पुढचा पौल, दिमिष्काहून (दमास्कसहून) यरुशलेमात आला तेव्हा त्याला कोणी जवळ करेना. घराघरांतून येशूच्या शिष्यांना ओढून तुरुंगात टाकणारा आता म्हणतो मी तुमचाच. कोण विश्वास ठेवणार? बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. शौलाने दगा दिला असता तर बर्णबाचीही पत गेली असती.

पुढे अंत्युखिया शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, वाढू लागली. काम बर्णबाच्या हाती होतं, नाव त्याचं झालं असतं. पण तो उठून तार्सला गेला, शौलाला शोधायला. इथे ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकने वापरलेलं ग्रीक क्रियापद बघा: बारा वर्षांचा येशू हरवला तेव्हा आईबाप त्याला शोधत फिरले, तिथे हेच क्रियापद आहे. मला दर वेळी इथे थांबावंसं वाटतं. मग दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात मिळालं.

‘बर्णबा व शौल’ असा नावांचा क्रम दोघांच्या पहिल्या प्रचारप्रवासात कुप्रनंतर ‘पौल व बर्णबा’ असा होत जातो. बर्णबाने त्याबद्दल कुरकुर केल्याचं कुठेही नाही. लुस्त्र नगरात तर लोकांनी त्याला ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस ठरवलं आणि बोलणाऱ्या पौलाला देवांचा दूत हर्मीस. पुजारी बळी द्यायला बैल आणि हार घेऊन वेशीपाशी आला. दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि ‘आम्हीही तुमच्यासारखीच माणसं’ असं ओरडत गर्दीत घुसले.

तो निर्दोष नव्हता. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा थांबला तेव्हा बर्णबाही त्याच्या मागे गेला. ‘बर्णबासुद्धा’ असं पौल गलतीकरांना पत्रात लिहितो, त्या एका शब्दात किती दुखावलेपण आहे! माणसं तुटू नयेत म्हणून झटणारा स्वभाव इथे त्याला नडला असावा.

आता ते भांडण. मार्क, बर्णबाचा चुलतभाऊ, पहिल्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून परत फिरला होता. पौल त्याला पुढच्या प्रवासाला पुन्हा न्यायला तयार नव्हता, आणि त्याचं कारण क्षुल्लक नव्हतं. त्याच प्रवासात, लुस्त्रात, पौलाला दगडमार करून मेला समजून शहराबाहेर टाकलं होतं. अशा वाटेवर अर्ध्यातून परतणारा सोबती कोणाला हवा? पण बर्णबाने यरुशलेमात पौलासाठी जे केलं तेच इथे मार्कासाठी केलं आणि त्याला घेऊन कुप्रला गेला. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा पुन्हा दिसत नाही.

तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल सांगतो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. परंपरेनुसार दुसरं शुभवर्तमान याच मार्काचं.

कृत्यांचा पंधरावा अध्याय एकटा वाचू नका. नववा, अकरावा आणि मग पंधरावा, असे एका बैठकीत वाचा.