आधी त्या रूममेटला फोन कर

पत्र थोडक्यात असं: वय २७, हिंजवडीत आयटीत नोकरी, पुण्यातल्याच एका खासगी कॉलेजात एमबीएला ॲडमिशन मिळतेय, फी २४ लाख, बाबा सांगलीचं घर तारण ठेवायला तयार. 'ताई, शिकवतात ते सगळं यूट्यूबवर आहे हे मलाही कळतं, पण नेटवर्क मिळेल ना, त्यासाठी एवढे पैसे घालावेत का?'

अरे, फीचं नंतर बघू. मधेच कंसात तू लिहिलंयस की आत्ताची नोकरी रूममेटने रेफर केलं म्हणून लागली, तो आता बंगळुरूला असतो आणि 'दोनेक वर्षं बोलणं नाही'. मी तिथेच अडकले. ज्याने तुला नोकरी लावून दिली त्याला साधा फोन नाही, आणि नेटवर्क विकत घ्यायला बापाचं घर? राग आला मला.

नेटवर्क म्हणतात ते हेच रे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिलं, ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं तर बहुतेकांचा तो ओळखीचा माणूस रोजच्या भेटीतला नव्हताच, कधीमधी भेटणारा होता, कारण जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच. तुझी इंजिनिअरिंगची बॅच, जुन्या टीममधले लोक, पहिला मॅनेजर, ही सगळी तशीच माणसं आहेत. कॉलेज माणसं एका वर्गात आणून बसवतं, पुढे विचारपूस करणं, कुणाच्या अडीनडीला धावणं हे तुलाच करायचं असतं आणि ते तू आत्ता करत नाहीयेस, मग तिथले नंबरही फोनमध्ये नुसते पडून राहणार.

आणि २४ लाख दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलेस तर हप्ता महिन्याला जवळपास ३२ हजार, कोर्स चालू असतानाच व्याज चढत राहतं ते वेगळं, दोन वर्षांचा पगार बुडतो तो वेगळाच.

नको घेऊस हे ॲडमिशन. बाबांना आजच सांग, घराचे कागद कपाटातच राहू देत. आणि रात्री त्या रूममेटला फोन लाव, रेफरल मागू नकोस, तुझ्यामुळे माझं बस्तान बसलं हे मोकळेपणी सांग, त्याचं कसं चाललंय ते नीट ऐक. मग बाकीच्यांना.

वर्षभर हे करूनही एमबीए करावंसं वाटलं तर सीईटी दे, मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची फी याच्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घर तारण मागत नाहीत.