निर्णय कुणाचा, ते आधी ठरव

बडोदा

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा वाचली आणि काल रात्री पुन्हा काढून बसले. विषय तू नेमका धरला आहेस. रावपुऱ्यातलं जुनं घर, वडील गेल्यावर सिटी सर्व्हेत वारसांची नावं चढवायची वेळ, आणि थोरल्या भावानं बहिणीपुढे सरकवलेला ‘हक्क कमी’चा, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. आपल्याकडच्या किती घरांत हे घडून गेलंय! भाऊबीजेला ओवाळणी घालणारा भाऊच तो कागद घेऊन येतो आणि माहेर तुटायला नको म्हणून बहीण सही करून मोकळी होते. त्यावर कुणी भांडत नाही, म्हणून त्याची गोष्टही होत नाही. तू ती करायला निघालास याचा मला मनापासून आनंद आहे.

पण शेवट मला पटला नाही. आत्या रडते, तुझा नायक, म्हणजे तिचा भाचा, सगळ्यांसमोर स्त्री-पुरुष समानतेवर बोलतो, भाऊ विरघळतो आणि कागद फाडला जातो. आता सांग, निर्णय कुणी घेतला? बोलला भाचा, विरघळला भाऊ. जिच्या हक्काची गोष्ट, ती पूर्ण वेळ खुर्चीत बसून आहे. बाईवर अन्याय होतो आणि एक चांगला पुरुष तो दूर करतो, अशा कथांना टाळ्या भरपूर मिळतात. घरी गेल्यावर बायकांच्या हाती मात्र त्यातून काही लागत नाही. निर्माती म्हणून पटकथा हातात आली की मी आधी हेच बघते: गोष्ट ज्या ठिकाणी वळते, तिथे वळवणारं माणूस कोण?

तुझ्याच एका प्रसंगात उत्तर दडलेलं आहे. भाऊ कागदावर बोट ठेवून म्हणतो, ‘इथे, आणि मागच्या पानावर इथे.’ आत्या पेन उचलते. हा प्रसंग तू चार ओळींत उरकलास. तिथे थांब. तिला चष्मा मागू दे. कागद गुजरातीत, तिची शाळा मराठी, तेव्हा ती एकेक ओळ बोटानं लावत वाचणार. भावाचं बोट अजून त्या जागेवरच आहे, चहा निवतोय, आणि आजवर त्या घरात कुणी बाईनं कागद वाचेपर्यंत थांबायची वेळ कुणावर आलेली नाही. प्रेक्षकाला तो उशीर जाणवू दे. मग तिनं सही केली किंवा नाही केली, काहीही दाखव. जे करेल ते तिनं केलेलं असेल.

वकिलाचा संवाद मात्र दोन वाक्यांवर आण. कायदा तुला पक्का माहीत हवा, पात्राच्या तोंडी सगळा नको. वडिलांनी मृत्युपत्र न करता ठेवलेल्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं ती मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्कदार झाली. आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. एवढं सगळं असूनही सह्या होतच राहतात. बडोदा संस्थानानं बालविवाहाविरुद्ध कायदा केला १९०४ साली, मुलींसकट सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं १९०६ मध्ये. सयाजीराव महाराजांच्या चिमणाबाई राणीसाहेबांचं स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक १९११ चं. हे शहर कायदे करण्यात कधी मागे नव्हतं. उंबऱ्याच्या आतलं काम उरतं, आणि तिथे सिनेमा शिरू शकतो.

शिरल्यावर काय होतं, हे मात्र आपल्या हातात पूर्ण नसतं. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. समाजप्रबोधनाचा हेतू धरून आखलेली ती आपल्याकडची पहिली मोठी मालिका. त्यातली भागवंती, सगळं सोसणारी आई, असं सोसू नये हे कळावं म्हणून लिहिलेली होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून पाहिलं, तर कितीतरी जणींना तीच आदर्श वाटली होती! सोसणं पडद्यावर देखणं दिसतं, बाळा. तुझ्या आत्याच्या रडण्यावर तू जे पार्श्वसंगीत सुचवलंयस, ते म्हणूनच मला नको आहे.

ज्या पद्धतीवरून ‘हम लोग’ घडली ती मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांची. तीत आदर्श पात्र असतं, वाईट उदाहरण असतं, पण खरं काम करतं ते दोघांच्या मध्ये अडकलेलं, हळूहळू बदलणारं पात्र. तुझ्याकडे ते आहे आणि तुझं तिच्याकडे लक्षच गेलेलं नाही: वहिनी. तिनं स्वतःच्या माहेरी कधीच सही करून दिलेली आहे. आपला वाटा गेला, मग नवऱ्याच्या घरातला पुरता आपल्या मुलांना मिळावा, असं तिला वाटणारच. तिला खलनायिका करू नकोस. नणंद कागद वाचत असताना वहिनीला आपली सही आठवते. ती काय करते? चष्मा आणून देते, की चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत निघून जाते? माझ्या मते प्रेक्षकांतल्या बहुतेक बायका वहिनीच्या जागी बसलेल्या असतील. बहुतेक पुरुष त्या भावाच्या जागी असतील. त्यालाही राक्षस करू नकोस, नाहीतर ‘आपण काही असे नाही’ म्हणत ते सुटतील.

आता पैशांचं. समानता माझ्या लेखी आधी बजेटमध्ये लिहायची असते. मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीवर केरळ सरकारनं २०१७ मध्ये नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांपुढे आला. त्यात सेटवर शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, असं नोंदलेलं आहे. आपण ज्या घरात शूट करणार तिथे मागच्या अंगणात एकच संडास आहे, रेकीला तू पाहिलास. तेव्हा शौचालयाची गाडी ही ओळ बजेटमध्ये कॅमेऱ्याच्या वर लिही. रात्री पॅकअपनंतर प्रत्येकीला दारापर्यंत सोडणारी गाडी, त्याखाली. युनिट दहा माणसांच्या वर जाणार, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, एक सदस्य बाहेरची. समितीतल्यांची नावं आणि फोन कॉल शीटवर, म्हणजे युनिटला रोज मिळणाऱ्या शूटिंगच्या वेळापत्रकावर छापायचे. पैसे कमी पडले तर ड्रोनचा शॉट काढू, या ओळींना हात लावायचा नाही.

माणसं घेतानाही हेच. मुंबईत मेकअपचं काम करायला बायकांना संघटनेचं कार्ड मिळत नसे, त्यांनी केशभूषाच करायची. ते २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोडलं. तुझ्या यादीत मेकअप, केशभूषा आणि कपडेपट सोडून बाई कुठेच नाही. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, तिथे शोध. आणि श्रेयनामावलीचं आत्ताच ठरव. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले याचा आपल्याला अभिमान असतो. पण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे करणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई किती जणांना ठाऊक आहेत? युनिटला डबा देणाऱ्या काकूंचं नावही पडद्यावर आलं पाहिजे.

ज्या बायकांनी तुला आपले अनुभव सांगितले, त्यांच्या गल्लीची, आडनावाची, भावाच्या धंद्याची एकही खूण ठेवू नकोस. तुझा सिनेमा संपल्यावर त्यांना त्याच घरात गौरी-गणपतीला जायचं आहे. आणि पहिलं वाचन त्यांच्यासमोर कर.

दाखवायचा कुठे, यावर तू फक्त महोत्सवांची यादी दिलीस. पाठव, जरूर पाठव. पण सोसायटीचा हॉल, भिशीचा गट, महिला मंडळ, गणेशोत्सवातली एक संध्याकाळ, हे माझ्या दृष्टीनं आधी. पुरुष हजर असतील असं बघ. १९७५ मध्ये मेक्सिकोत साबिदोंच्या साक्षरतेवरच्या मालिकेत पात्रं पुस्तिका आणायला एका खऱ्या केंद्रावर जाताना दाखवली, तर दुसऱ्या दिवशी तिथे लोकांची प्रचंड गर्दी उसळली. लोकांना कुठे जायचं ते कळायला हवं असतं. म्हणून शेवटच्या पाटीवर सुविचार नको. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे लिही. घरात मारझोड असेल तर गुजरातची ‘१८१ अभयम’ ही बायकांसाठीची हेल्पलाइन. खाली तेच गुजरातीत. जमेल तिथे एखाद्या वकीलबाईंना बोलावून खेळानंतर अर्धा तास बसव, प्रश्न आपोआप निघतील.

रविवारी सकाळी ये. वहिनीचा प्रसंग नव्यानं लिहून आण, बजेटचा कागद मी सांगितलेल्या क्रमानं. आणि संकलनासाठी जिचं नाव तू मागे काढलं होतंस तिलाही बरोबर घेऊन ये. तिच्या मानधनाचं बोलणं तिच्यासमोरच करू.

तुझी,
ताई