चौकशी नाटकच असेल, तरी तू जा

बाबा रे,

‘चौकशी म्हणजे नुसतं नाटक आहे, मी तिकडे फिरकणारही नाही,’ हा कंपनीने तुझ्यावर लावलेल्या आरोपांच्या खातेचौकशीबद्दलचा तुझा निरोप पोचला. नाटक आहे, मान्य. चौकशी अधिकारी कंपनीने नेमलेला, त्याची फी कंपनी देणार, साक्षीदार तुझाच सुपरवायझर. तरी तू जा. हे नाटक ज्याच्यासाठी चाललंय तो न्यायाधीश उद्या कामगार न्यायालयात बसलेला असेल आणि त्याच्यापुढे चौकशीचे कागद असतील.

न्यायालय सगळं पहिल्यापासून ऐकेल, असं तुम्हा पोरांना कोण सांगतं कळत नाही. तिथे आधी दोनच गोष्टी बघतात. चौकशी रीतसर झाली का, आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. तू गेला नाहीस की चौकशी एकतर्फी होते, सुपरवायझरची साक्ष उलटतपासणीवाचून तशीच राहते. चौकशी अधिकारी कंपनीच्या पैशाचा, एवढ्या कारणावर चौकशी रद्द होत नाही. आणि समजा खोट निघालीच, तरी कंपनीने कैफियतीत, म्हणजे न्यायालयातल्या आपल्या लेखी उत्तरात, मुभा मागून ठेवली असेल तर आरोप न्यायालयात नव्याने सिद्ध करायची संधी तिला मिळते. म्हणून म्हणतो, जा.

चार्जशीटचं, म्हणजे आरोपपत्राचं, पाकीट परत पाठवू नकोस. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की ते मिळाल्यातच जमा. घे, आणि पोच देताना ‘मजकूर मान्य नाही, फक्त पोच’ असं लिहून तारीख-वेळ टाक. मग नीट वाच. ‘उद्धट वर्तन केले’ एवढंच असेल तर लेखी विचार: कोणते शब्द, किती वाजता, कोणासमोर, स्थायी आदेशांच्या, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांच्या, कोणत्या कलमाखाली? साक्षीदारांची यादी आणि कागदपत्रांच्या प्रती माग. सीसीटीव्हीचं चित्रण आजच माग, कारण जुन्यावर नवं रेकॉर्ड होत जातं आणि महिन्याने ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. उत्तरात प्रत्येक आरोप क्रमांकाने नाकार, कादंबरी लिहू नकोस. एचआरवाला म्हणेल, ‘दोन ओळी माफी लिहून दे, मिटवून टाकू.’ ती माफी म्हणजे कबुली. राजीनाम्याचंही तेच. बडतर्फीविरुद्ध भांडता येतं, स्वतःच्या सहीच्या राजीनाम्याविरुद्ध भांडताना आधी दबाव सिद्ध करावा लागतो.

सोबत बचाव प्रतिनिधी ने, युनियनचा किंवा खात्यातला जाणता सहकारी. कंपनीची बाजू कायदा शिकलेला माणूस मांडणार असेल, तर तुलाही वकील हवा असा अर्ज पहिल्याच तारखेला दे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये कामगाराचा हा हक्क मान्य केला आहे. अर्ज नाकारला तर नकार रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, लिहून घे.

रोजनामा हाच तुझा खरा साक्षीदार. मराठीत लिहा म्हणून सांग. वाचल्याशिवाय सही नाही. चूक असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने हरकत लिही, प्रत त्याच दिवशी घे. हरकत नोंदवू दिली नाही तर संध्याकाळच्या आत ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट. आठवड्याने आठवून लिहिलेल्या हरकतीला कोणी विचारत नाही. उलटतपासणीत ‘खोटं का बोलताय?’ असले प्रश्न नकोत. तुम्ही कुठे उभे होता, मशीन चालू होतं का, तक्रार कोणत्या दिवशी लिहिली, टाईप कोणी केली, एवढं विचार. खोटं असेल तर ते अशाच बारीक जागी उसवतं.

निलंबनात निर्वाह भत्ता पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, पुढे 75 टक्के, पण उशीर तुझ्यामुळे झालेला नसेल तरच. म्हणजे उगाच तारखा मागशील तर आपलाच खिसा कापशील. भत्ताच दिला नाही आणि भाड्यालाही पैसे नाहीत म्हणून जाता आलं नाही, तर गोष्ट वेगळी. भारत गोल्ड माइन्सच्या 1999 च्या निकालात अशी एकतर्फी चौकशी टिकली नाही. पण ते कारण त्याच वेळी लेखी कळवायला हवं. रुसून घरी बसणं हे कारण नव्हे.

कोणी म्हणेल, हा म्हातारा कंपनीच्या खेळात सामील व्हायला शिकवतो. म्हणू दे. बहिष्काराचा सल्ला एके काळी मीही दिला आहे. त्याची किंमत सल्ला देणाऱ्याने मोजली नाही.

अहवाल आला की शिक्षेआधी त्याची प्रत मिळणं हा तुझा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 1993 च्या निकालापासून. तो मुद्देसूद खोड. जुनं रेकॉर्ड स्वच्छ असेल तर तेही लिही, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने भारी आहे हा मुद्दा त्यावरच उभा राहतो. तरी काढलंच, तर मुदती लक्षात ठेव. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाने गैररीतीने वागवल्याची, तक्रार 90 दिवसांत. समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करून 45 दिवस गेले की थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण न्यायाधिकरणाकडचा अर्ज बडतर्फीपासून 2 वर्षांच्या आत हवा. जुन्या कायद्यात 3 वर्षं होती, आता नाहीत. थकीत पगार मागताना ‘या काळात दुसरीकडे नोकरी नव्हती’ हे शपथेवर लिहायला विसरतात. तू विसरू नकोस.

गुरुवारी अकराची तारीख आहे ना? पावणेअकराला गेटवर पोच. निलंबित माणसाला गेटवरच अडवतात आणि आत गैरहजर दाखवतात. तसं झालं तर घरी येऊ नकोस. तिथूनच वेळेसकट चौकशी अधिकाऱ्याला ईमेल कर, आणि सिक्युरिटीच्या रजिस्टरात नाव लिहू देतात का बघ.