वाचकांचे प्रश्न : ट्रेसिंग कंट्रोलर रात्रभर का ओरडतो?

प्रश्न : नंदेसरीच्या आमच्या युनिटमध्ये ५० टक्के कॉस्टिक लायची (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची) दोन इंची, ६० मीटर लांबीची कार्बन स्टीलची लाइन आहे. तिच्यावर सेल्फ-रेग्युलेटिंग हीट ट्रेसिंग केबल (पाइप गरम ठेवणारी, गरम होईल तशी आपोआप कमी तापणारी) आणि इन्सुलेशन असून यंदा नवा कंट्रोलर बसवला. सेटपॉइंट २५ अंश, डेडबँड ३, लो टेंपरेचर अलार्म २२ अंश, लो करंट अलार्म ५ अँपिअर आणि हाय अलार्म बंद. थंडीत रात्रभर अलार्म येतात. ऑपरेटर आता न बघताच ॲक्नॉलेज दाबतात. पावसाळ्यात अर्थ लीकेजवर (जमिनीकडे गळणाऱ्या करंटवर) ट्रिप होतं ते वेगळंच. ३० मिलिअँपिअरचं सेटिंग वाढवावं का?
— मेंटेनन्स सुपरवायझर, बडोदा

उत्तर : वाढवू नका. त्याकडे नंतर येऊ, आधी रात्रीचा गोंधळ.

काही कंट्रोलर डेडबँड (हीटर चालू-बंद होण्याआधी तापमानाला दिलेली सूट) सेटपॉइंटच्या दोन्ही बाजूंना धरतात, काही एकाच बाजूला. तुमचा दोन्ही बाजूंना धरणारा असेल, तर हीटर २२ अंशांना चालू होतो आणि अलार्मही तिथेच लागतो. म्हणजे कंट्रोलर आपलं रोजचं काम करतो आणि दर खेपेला त्याचीच बोंब मारतो. ५० टक्के कॉस्टिक साधारण १२ अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि बडोद्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा तिथवर उतरतो. म्हणून लो अलार्म १८ अंशांवर आणा आणि १० मिनिटांचा डिले द्या. भरलेली, इन्सुलेशन असलेली लाइन १८ वरून १२ वर यायला बराच वेळ घेते. तेवढ्यात माणूस पोचतो.

लो करंटचा ५ हा आकडा बहुधा कंट्रोलर बनवणाऱ्याच्या कारखान्यातूनच आला असावा. केबल १५ वॅट प्रति मीटरची असेल तर ६० मीटरला ९०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ४ अँपिअर. पाइप तापत जाईल तसा सेल्फ-रेग्युलेटिंग केबलचा करंट आणखी उतरतो. मग ५ वरचा अलार्म जाणार कसा? हीटर चालू करून २० मिनिटं थांबा, क्लॅम्प मीटरने स्थिरावलेला करंट मोजा आणि त्याच्या निम्म्यावर अलार्म ठेवा. चालू होतानाचा आकडा घेऊ नका, थंड केबल सुरुवातीला बराच जास्त करंट ओढते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा : शेवटचे दहा मीटर तुटले तर उरलेली केबल तापत राहते आणि हा अलार्म गप्प बसतो. म्हणून सेन्सर लाइनच्या दूरच्या टोकाकडे असावा. व्हॉल्व्ह, सपोर्ट आणि खुद्द केबल यांपासून लांब.

हाय अलार्म बंद ठेवणं ही यादीतली सर्वांत मोठी चूक. लो अलार्म हुकला तर लाइन जाम होते; हाय हुकला तर लाइन तडकते. स्ट्रेस रिलीव्ह न केलेल्या (तापवून आतला ताण न काढलेल्या) कार्बन स्टीलच्या वेल्डला गरम कॉस्टिक बारीक चिरा पाडतं आणि ५० टक्के द्रावणात हा धोका साधारण ४५-५० अंशांपुढे सुरू होतो. हाय अलार्म ४० वर ठेवा आणि ४५ ला हीटर तोडणारा, स्वतःचा वेगळा सेन्सर असलेला लिमिटर लावा. आता इथली अडचण : मे महिन्यात हवाच ४२-४३ अंश असते आणि उन्हातल्या पत्र्याखाली थांबलेली लाइन हीटर बंद असतानाही ४० च्या जवळ जाते. 'हीटर चालू असतानाच हाय अलार्म' असा पर्याय असेल तर तो निवडा. सोबत 'आउटपुट बंद, तरीही करंट' हा अलार्म चालू हवाच. चिकटलेला काँटॅक्टर किंवा शॉर्ट झालेला एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) त्यातूनच कळतो.

सेन्सर बिघडला तर आउटपुट चालू ठेवायचं की बंद, हेही विचारलं जातं. पाण्याच्या लाइनला आम्ही चालू म्हणू, कॉस्टिकला बंद. पीटी-१०० (रोधावरून तापमान मोजणारा प्लॅटिनमचा सेन्सर) तीन वायरींनीच जोडा. दोन वायरींनी जोडून वायरचा रोध ५ ओहम आला, तर १२ अंशांचा पाइप २५ दाखवतो आणि कोणताही अलार्म येत नाही.

आता लीकेज. अलार्म २० आणि ट्रिप ३० मिलिअँपिअर असंच राहू द्या. पावसात ट्रिप होतं म्हणजे बहुधा जंक्शन बॉक्सच्या ग्लँडमधून किंवा एंड सीलमधून पाणी शिरलंय. सप्लाय तोडा, केबल कंट्रोलरपासून सोडवा (नाहीतर मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या व्होल्टेजने, कंट्रोलरच जायचा), दोन्ही कंडक्टर एकत्र करून ब्रेडशी (केबलवरच्या धातूच्या जाळीशी) ५००, १००० आणि २५०० व्होल्टला मेगर करा. तिन्ही वेळा निदान २० मेगओहम हवेत.

हे पावसाळ्यातच का कळतं, तर त्याआधी चार महिने हीटर चालूच होत नाही. ऑटो-सायकल चालू करा : दर २४ तासांनी काही मिनिटं हीटर चालवून कंट्रोलर करंट आणि लीकेज तपासतो. वेळ सकाळी दहाची ठेवा, मध्यरात्रीची नको.

सेटिंग झाल्यावर सेन्सर सोडवून डिकेड बॉक्स (हवा तेवढा रोध देणारी पेटी) लावा. १०९.७ ओहमला २५ अंश दिसले पाहिजेत. १०६.६ ला, म्हणजे १७ अंशांना, दहा मिनिटांनी लो अलार्म आला पाहिजे. ११६ ला, म्हणजे साधारण ४१ अंशांना, हाय. 'हीटर चालू असतानाच हाय अलार्म' हा पर्याय निवडला असेल तर हाय तपासताना हीटर हाताने चालू ठेवावा लागेल.

प्रश्न : कंट्रोलरचा एमसीबी पडला होता, तरी कंट्रोल रूममध्ये अलार्म आला नाही. असं का?
— मकरपुरा

उत्तर : अलार्म आल्यावर रिले ओढेल अशी जोडणी असणार. ती उलटी करा : सगळं ठीक असताना रिले ओढलेला, अलार्मला सुटलेला आणि काँटॅक्ट उघडला की कंट्रोल रूममध्ये अलार्म. मग सप्लाय गेला किंवा वायर तुटली तरी कळतं. तापमानाचे अलार्म आपोआप जाणारे चालतील. लीकेज ट्रिप मात्र हाताने रीसेट केल्याशिवाय सुटता कामा नये.