गरोदरपणात व्हिटॅमिन डी कमी असेल तर बाळाची उंची खुंटते का?

तुमचा व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट १४ आलाय आणि बाळ बुटकं राहील का, अशी धास्ती घेतलीये तुम्ही. पाचव्या महिन्यात माझा ११ आला होता, शेजारी ठळक अक्षरात 'डेफिशियंट'. रात्री दोन वाजता मीही हेच शोधत बसले होते, म्हणून लिहितेय.

उंचीची काळजी सोडा. ढाक्यात १३०० गर्भवतींवर हेच तपासलं गेलं, निकाल २०१८ मध्ये आले. काहींना आठवड्याला ४,२०० पासून २८,००० युनिटपर्यंत डी दिलं, काहींना नुसती दिसायला तशी, औषध नसलेली गोळी. आयांच्या रक्तातलं डी वाढलं. बाळं वर्षाची झाल्यावर लांबी मोजली, तर कुठल्याच गटात फरक नाही.

म्हणून गोळ्या टाकून देऊ नका हं. डीचं काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायचं. पोटातल्या बाळाला वारेतून जे येईल तेवढंच डी मिळतं. आईकडेच खडखडाट असेल तर जन्मल्यावर बाळाचं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, कवटीची हाडं मऊ राहू शकतात, पुढे मुडदूस, म्हणजे हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार, होऊ शकतो. ब्रिटनमध्ये गरोदरपणी रोज १,००० युनिट घेतलेल्यांची मुलं चार वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या हाडांची घनता थोडी जास्त भरली. म्हणजे फायदा झाला तर हाडांना, उंचीला नाही. डोस मात्र डॉक्टरांनी दिलाय तेवढाच. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, मनानं दुप्पट घेऊ नका, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं.

माझ्या मते बाळंतपणानंतरचे थेंब जास्त महत्त्वाचे, आणि नेमके तेच विसरले जातात. आईच्या दुधात डी जेमतेम असतं, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट द्यायला सांगतात. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. एका बाटलीत ४०० युनिट एक मिलीत असतात, दुसरीत एकाच थेंबात. बाटली बदलली आणि ड्रॉपर जुन्या सवयीनं भरला, की झाला घोळ. मी एकदा भरलाच होता, नवऱ्यानं हात धरला.

आणि लांबी मोजताना शेजारी उभ्या राहा. वर्षाच्या तपासणीत लेक ७२ सेंटीमीटर भरली, माझा चेहरा पडला. सिस्टरनं तिचे गुडघे हलकेच दाबून सरळ केले, तळपाय फळीला टेकवला आणि परत मोजलं. साडेत्र्याहत्तर.