इंडियन डर्बीला पहिल्यांदाच चाललोय, दोन हजार रुपये आहेत. कसे लावू?

आधी हे ठरवा की ते दोन हजार गेलेच. घोड्यांची ही मोठी शर्यत फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला असते, पण त्या दिवशी इतर शर्यतीही बऱ्याच असतात आणि नवखा माणूस डर्बीपर्यंत पोहोचतो तेव्हा खिसा रिकामा. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं. हजार रुपये डर्बीसाठी वेगळ्या खिशात ठेवा.

घोडं निवडताना अंतर बघा. डर्बी २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची. त्यातली बरीचशी एवढं लांब कधी धावलेलीच नसतात. १६०० मीटरची गिनीज शर्यत जिंकलेलं घोडं शेवटच्या दोनशे मीटरला पाय ओढताना मी पाहिलंय. उलट इंडियन ओक्स ही फक्त माद्यांची शर्यत २४०० चीच, त्यामुळे तिथे चांगली धावलेली घोडी आली तर दुर्लक्ष करू नका. तिला पाठीवर घ्यायच्या वजनातही सूट असते.

शर्यतीआधी पॅडॉकपाशी, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात तिथे, उभे राहा. मानेवर घामाचा फेस आलेलं, सारखं बिथरणारं घोडं मी तरी सोडतो.

बुकीकडे पैसे लावताना जो भाव मिळाला तोच पक्का. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या खिडकीवर, मात्र सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन कर-कमिशन कापून जे उरतं ते वाटलं जातं, म्हणून खिडकी बंद होईपर्यंत आकडा हलतो. नवख्याने टोटवर ‘प्लेस’ लावावं, म्हणजे घोडं पहिलं न येता पुढच्या काही नंबरांत आलं तरी पैसे मिळतात. जॅकपॉट (अनेक शर्यतींचे विजेते एकदम ओळखायचे) वगैरे यंदा नकोच. आणि कोपऱ्यात गाठून ‘पक्की टीप’ देणाऱ्याला चहा पाजा, पैसे नको.