कोंबडीची चरबी तयार होते कुठे?

प्रश्न : ब्रॉयलरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत खर्च वाचावा म्हणून १०० किलो तयार फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) २५ किलो मक्याचा भरडा मिसळतो. वजन बरे येते, पण पोटात चरबी फार निघते म्हणून व्यापारी भाव पाडतो. काय चुकते?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : चूक भरड्यातच आहे. फिनिशरमध्ये साधारण २० टक्के प्रथिने आणि किलोमागे ३,२०० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे प्रथिनांच्या एका टक्क्यामागे १६० किलोकॅलरी. मक्यात प्रथिने जेमतेम ९ टक्के, ऊर्जा मात्र ३,३०० च्या आसपास. तुमच्या मिश्रणात प्रथिने १७.८ टक्क्यांवर उतरतात आणि १६० चा आकडा १८० पर्यंत चढतो. मांस बांधायला लागणारे लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी पडले की उरलेल्या स्टार्चची चरबी होते. गाय किंवा डुकरात हे काम मुख्यतः चरबीच्या पेशी करतात. कोंबडीत ते जवळजवळ सगळे यकृत, म्हणजे आपली कलेजी करते. तिथून चरबी रक्तावाटे पोटात, कातडीखाली आणि थोडीशी स्नायूंत जाते.

२५ किलो भरड्याबरोबर ४५ टक्के प्रथिनांची सोयाबीन पेंड ११ किलो घातली, तर प्रथिने पुन्हा २० टक्क्यांवर येतात. तरी मेथिओनिन (लायसिनसारखाच घटक), खनिजे आणि जीवनसत्त्वे पातळ होतातच. तयार खाद्यात काहीही मिसळू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. आणि विक्रीआधी ८-१० तास खाद्य बंद ठेवल्याने आतडी रिकामी होतात, चरबी उतरत नाही.

प्रश्न : ब्रॉयलरला वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने देतात, म्हणून त्यात चरबी जास्त असते, हे खरे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. हे संप्रेरक प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर पोटात पचून जाते, आणि टोचले तर रक्तात फार वेळ टिकत नाही. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ते रोज पुन्हा पुन्हा टोचत बसणे कुणालाही जमणारे नाही. शिवाय त्याचा परिणाम तुम्ही म्हणता त्याच्या उलट आहे. लिंगगुणसूत्रावरच्या जनुकामुळे बुटक्या राहणाऱ्या (लिंगसंलग्न बुटक्या) कोंबड्यांत या संप्रेरकाचा ग्राहक, म्हणजे संप्रेरक ज्याला चिकटून काम करते तो पेशीवरचा रिसेप्टर, बिघडलेला असतो. संप्रेरक रक्तात असूनही काम करत नाही, त्याच्यामुळे तयार होणारा, वाढ घडवणारा आयजीएफ-१ कमी राहतो आणि अशा कोंबड्या अंगाने लहान पण जास्त चरबीच्या निघतात. ब्रॉयलरची वाढ होते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे.

प्रश्न : वाढीच्या संप्रेरकाचे जनुक (जीएच) आणि स्नायूंतली चरबी यांचा संबंध तपासत आहे. छातीच्या मांसात जीएचचा सीटी ३६ येतो, आणि चरबीच्या टक्क्याशी त्याचा काही मेळ बसत नाही.
– एम.व्ही.एस्सी.चा विद्यार्थी, परभणी

उत्तर : सीटी म्हणजे पीसीआर चाचणीत जनुकाची खूण कितव्या फेरीत दिसते तो आकडा; तो जितका मोठा, तितके जनुक कमी चालू. सीटी ३६ म्हणजे ते जनुक तिथे जवळपास गप्पच आहे. जीएच मुख्यतः पिट्युटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) व्यक्त होते, म्हणजे चालू असते. स्नायूत त्याचा ग्राहक जीएचआर, आयजीएफ-१ आणि चरबी पेशीत घेणारी एलपीएल, एफएबीपी-३, एफएबीपी-४ ही जनुके मोजा. त्याच पक्ष्याची कलेजीही घ्या आणि तिच्यात फॅटी ॲसिड सिंथेज व थायरॉइडला प्रतिसाद देणारे टीएचआरएसपी ही चरबी घडवण्याशी संबंधित जनुके पाहा. चरबी घडते कलेजीत, म्हणून नुसत्या स्नायूवरून अर्धेच चित्र दिसते.

सगळ्यात जास्त घोळ उपाशीपणाने होतो. खाद्य काढले की काही तासांतच रक्तातला टी-३ (थायरॉइडचे संप्रेरक) घसरतो आणि कलेजीतली चरबी घडवणारी जनुके मंदावतात. एक गट सकाळी सातला आणि दुसरा दुपारी बाराला कापलात, तर तुम्ही मोजता ती उपासाची वेळ. सगळ्या पक्ष्यांना सारखेच तास उपाशी ठेवा किंवा कुणालाच ठेवू नका, गट आलटून पालटून कापा, नर आणि मादी वेगळे मोजा.

कापल्यावर पाच-दहा मिनिटांत छातीच्या ठरलेल्या एकाच जागेचा तुकडा घ्या. द्रव नायट्रोजन नसेल तर अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ तुकडे पाचपट आरएनए-रक्षक द्रावणात टाका (जनुक किती चालू आहे ते आरएनएवरूनच मोजतात), रात्रभर ४ अंशांवर आणि मग उणे ८० वर ठेवा. जाड तुकड्यात द्रावण आत पोचत नाही, मधला आरएनए कुजतो. आरएनए काढताना चरबीचा नमुना दळल्यावर, क्लोरोफॉर्म घालण्याआधी, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर (गुरुत्वाच्या १२,००० पट बलाने) दहा मिनिटे फिरवून वरचा चरबीचा थर काढून टाका. तुलनेसाठी नेहमी घेतले जाणारे जीएपीडीएच हे ग्लुकोज वापरण्याच्या वाटेवरचेच एन्झाइम, उपासाने तेही हलते. म्हणून निदान दोन संदर्भ-जनुके (ज्यांच्याशी तुलना करायची ती) घ्या आणि ती सर्व गटांत स्थिर आहेत का, हे आधी पाहा. सीटीत एकाचा फरक म्हणजे साधारण दुप्पट, पण प्रायमरची (जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची) कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत असेल तरच.

आता चरबीचा टक्का. छातीच्या मांसात ती एखादा टक्काच असते आणि त्यात पेशीपटले बनवणाऱ्या फॉस्फोलिपिड या चरबीचा वाटा मोठा असतो. पेट्रोलियम ईथरने चरबी काढायच्या सॉक्सलेट पद्धतीला ही फॉस्फोलिपिडे नीट सापडत नाहीत. दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉलच्या पद्धतीने आकडा वाढतो. दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. कातडी, वरचा पडदा आणि दिसणारी चरबी सोलून काढल्यावरच वजन करा. मांसाच्या धाग्यांना (फायबरना) समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या तर नोंद करून तो पक्षी वेगळा ठेवा. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि संयोजी ऊती भरून त्या रेघा उमटतात. ती चविष्ट मांसातली चरबी नव्हे, आणि अशा दोन-तीन पक्ष्यांनीही गटाची सरासरी बिघडते.